आखाजीला तडकतं, कानबाईला अडकतं : घरी बनवलेल्या लाकडी फर्निचरचं दरवर्षीचं दुखणं

कानबाई, आपली खान्देशातली श्रावणातली देवी, रविवारी बसणार होती. शनिवारी संध्याकाळी आईने देवघराखालचा खण ओढला, तर तो जेमतेम दोन बोटं बाहेर आला आणि तिथेच रुतला. आत वाती, कापूर, हळदीकुंकवाच्या पुड्या, नारळाला घालायची नथ, सगळं सामान. मी दोन्ही हातांनी ओढलं, खालून थोपटलं, शेवटी मागची फळी खोलून पाठीमागून सामान काढून दिलं. हाच खण मी मे महिन्यात गच्चीवर बनवला होता आणि तेव्हा तो एका बोटाने सरकत होता.

त्याच्या आदल्या वर्षी नेमकं उलटं झालं होतं. गणपतीच्या सुट्टीत मी मुलीच्या अभ्यासाचं टेबल केलं. वखारीतून आणलेलं नवं सागवान, सहा-सहा इंचांच्या चार फळ्या जोडून २४ इंच रुंदी. हिवाळा चांगला गेला. पुढे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात एका दुपारी तीनच्या सुमारास आतल्या खोलीतून काठी मोडल्यासारखा आवाज आला. जाऊन बघतो तर टेबलाच्या एका फळीत दीड फूट लांब तडा, उभं नाणं आत शिरेल एवढा रुंद.

मी आधी लाकडाला दोष दिला, मग फेव्हिकॉलला. दोघांचाही दोष नव्हता. आपल्याकडे अमळनेर, धुळे, भुसावळ, शिरपूर, नंदुरबार, कुठेही घरी सुतारकाम शिकायला लागलेल्या माणसाला हे दुखणं पहिल्या दोन वर्षांत भेटतंच, आणि बहुतेक जण त्यावर चुकीचा इलाज करून ते वाढवतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाकूड नेमकं काय करतं

आमच्या गल्लीत एक वयस्कर मिस्तरी आहेत. उमेदीत त्यांनी बाभळीच्या बैलगाड्या आणि वखरं केली. तडा दाखवायला मी त्यांना घरी आणलं. त्यांनी टेबलाच्या वरच्या बाजूकडे पाहिलंही नाही. सरळ खाली बसले, मान वाकवून आत डोकावले आणि अंगठ्याने एकेक स्क्रू चाचपत गेले. फळ्या वाकू नयेत म्हणून मी खालून दोन आडव्या पट्ट्या मारल्या होत्या, फेव्हिकॉल लावून, वर प्रत्येकीला आठ-आठ स्क्रू. ते म्हणाले, "भाऊ, लाकूड उन्हायामा आखडस, पावसायामा फुगस. तू त्याले बांधी टाकं."

सगळं दुखणं या एवढ्यातच आहे. झाड तोडून, चिरून, पॉलिश करून झालं तरी लाकूड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. हवा दमट झाली की फुगतं, कोरडी झाली की आखडतं. पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. फळीच्या लांबीत, म्हणजे तंतूंच्या दिशेने, फरक इतका कमी की आपण तो धरतच नाही. रुंदीत मात्र भरपूर. सागवान तर या बाबतीत शांत लाकूड समजलं जातं. तरी ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत ते रुंदीत ६ टक्क्यांच्या जवळपास आखडतं, तेही फळी कशी चिरली आहे त्यावर. फळीच्या तोंडाकडून बघा. वाढीच्या रेघा कमानीसारख्या आडव्या दिसत असतील तर ६ टक्क्यांचा हिशेब. रेघा उभ्या असतील तर निम्म्याहून कमी, सुमारे अडीच टक्के. वरून बघितलं तर पहिल्या प्रकारच्या फळीवर डोंगरासारखी नक्षी असते आणि दुसरीवर सरळ समांतर रेघा. आपण वखारीत हटकून नक्षीची फळी निवडतो. दिसायला ती सुंदर असतेच, पण जास्त हलणारीही तीच.

आता यात खान्देशची हवा घाला. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो हे सांगायला नको. लाकडाला त्या उन्हापेक्षा कोरडेपणाचा त्रास जास्त होतो. दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, आणि अशा हवेत बराच काळ राहिलेल्या लाकडातला ओलावा ४-५ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० च्या घरात जाते, तेव्हा तेच लाकूड १५-१६ टक्क्यांकडे चढायला लागतं. पॉलिश असेल, घर बंद असेल तर ही दोन्ही टोकं गाठली जात नाहीत, पण त्या दिशेने प्रवास होतोच. कोकणात हवा वर्षभर दमट असते, तिथे लाकडाला एवढी धाव नसते. आपल्याकडे ते चार महिन्यांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातं. कोकणातल्या किंवा पुण्यातल्या कुणाचं मोजमाप बघून फट ठेवली तर ती आपल्याकडे पुरत नाही, हा माझा अनुभव आहे.

ढोबळ हिशेब असा : कमानीच्या रेघांच्या सागवानात ओलावा १ टक्क्याने बदलला की रुंदी ०.२ टक्के बदलते. २४ इंच म्हणजे ६१० मिलिमीटर. ओलावा ५ टक्क्यांनी उतरला तर १ टक्का, म्हणजे ६ मिलिमीटर. मी माझ्या टेबलाच्या खालच्या बाजूला पेन्सिलने खूण करून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पट्टी लावतो. ऑगस्टमध्ये ६१०, मेमध्ये ६०४. हिशेब आणि पट्टी जुळले तेव्हा मला जो आनंद झाला तो टेबल पूर्ण झालं तेव्हाही झाला नव्हता.

६ मिलिमीटर आखडायला निघालेल्या लाकडाला सोळा स्क्रूंनी जखडून ठेवलं तर ते जाणार कुठे? जिथे कच्चं असेल तिथे फाटणार.

आधी दुखणं ओळखा

तडा गेला की लगेच भरायला धावू नका. आधी त्याच्या आत बघा, मोबाईलचा टॉर्च लावून. दोन गोष्टींतला फरक ओळखायचा आहे.

दोन फळ्यांच्या जोडावरच फट पडली असेल आणि आतल्या कडेवर गुळगुळीत, चकचकीत पापुद्रा दिसत असेल, तर तो जोड मुळात चिकटलेलाच नव्हता. मे महिन्यात हे हमखास होतं. दुपारी गच्चीवर फेव्हिकॉल लावला, ब्रशने पसरवला, तोवर फोन आला, पाच मिनिटं गेली, की वर साय धरते. मग कितीही शिकंजा (क्लॅम्प) आवळा, लाकूड लाकडाला चिकटतच नाही. यावर उपाय सोपा : उन्हाळ्यात चिकटवायचं काम सकाळी सहा-साडेसहाला, सावलीत, आणि शिकंजे आधी कोरडेच लावून, मापावर उघडून तयार ठेवायचे. एका वेळी एकच जोड. चारही फळ्या एकदम जोडायचा मोह सोडा.

पण तडा जोडाच्या शेजारून किंवा फळीच्या मधून गेला असेल आणि आत तंतू उसवलेले दिसत असतील, तर चिकटवणी चांगली होती. नीट चिकटलेला जोड शेजारच्या लाकडापेक्षाही मजबूत असतो, म्हणून फाटलं ते लाकूड. हे जखडल्याचं लक्षण. टेबलाखाली जा, काय काय आडवं मारलं आहे ते बघा.

तिसरा प्रकार म्हणजे टेबल तडकलं नाही, पण पसरट वाटीसारखं झालं. बहुतेक वेळा वरून तीन हात पॉलिश आणि खालून काहीच नाही, अशी स्थिती असते. खालची बाजू झपाट्याने ओलावा घेते-सोडते, वरची हळू, आणि फळी वाकते. वर जेवढे हात तेवढेच खाली द्यायचे. खालचं कुणाला दिसत नाही म्हणून घासलं नाही तरी चालेल, पण सीलर आणि पॉलिश हवंच. आणि एक लक्षात असू द्या, पॉलिशने लाकडाचं हलणं थांबत नाही, मंदावतं. लाख असो, मेलामाईन असो की जवसाचं तेल. तेल तर ओलाव्याला फारच कमी अडवतं.

पीठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर तो घुण आहे, वेगळा विषय. बाभळीच्या आणि इतर लाकडांच्या पांढरट कडेला तो लागतो, तेवढी कड काढून टाका.

तडकलेलं टेबल कसं सोडवायचं

आधी काय करू नये ते सांगतो, कारण मी ते केलं. मेमध्ये तडा सर्वांत रुंद असताना मी त्यात फेव्हिकॉल आणि भुसा कालवून लगदा गच्च भरला, घासला, पॉलिश मारलं. दिसायला छान झालं. जुलैत लाकूड फुगलं, त्याला मिटायला जागा हवी होती, तिथे माझा लगदा पाचरीसारखा बसलेला. तड्याचं टोक आणखी चार इंच पुढे गेलं आणि लगदा वर उचलून आला. उन्हाळ्यात भरलेली फट पावसाळ्यात पाचर होते, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी चूक म्हणजे आणखी स्क्रू मारणं. तडा गेला म्हणजे कमजोर आहे, कमजोर आहे म्हणजे घट्ट करा, असं वाटतं. वाटणं साहजिक आहे, पण इथे गरज सोडवण्याची आहे.

खरा इलाज खालून सुरू होतो. टेबल उलटं करा, आडव्या पट्ट्यांचे सगळे स्क्रू काढा. पट्टी फेव्हिकॉलने चिकटवलेली असेल तर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबा. पांढरा फेव्हिकॉल उष्णतेने मऊ पडतो. मग पातळ पटाशी कडेने सरकवत हळूहळू सोडवा. घाई केली तर फळीचा ढलपा निघतो. माझ्या एका पट्टीला पाऊण तास लागला. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा टेबलातून बारीक 'टक्' असा आवाज आला आणि नाणं शिरणारा तडा डोळ्यांदेखत निम्मा झाला. फळ्यांना इतके दिवस जायचं होतं तिकडे त्या गेल्या.

आता पट्टी परत लावायची, पण फेव्हिकॉलशिवाय. पट्टीच्या मधोमध एक स्क्रू घट्ट. बाकीच्या स्क्रूंची भोकं लांबट करायची. ५ मिलिमीटरची दोन-तीन भोकं ओळीने शेजारी पाडून, कानशीने मधली भिंत काढून १२ मिलिमीटर लांबीची खाच करायची, टेबलाच्या रुंदीच्या दिशेने. स्क्रूखाली वायसर. स्क्रू खाचेच्या मध्ये येईल असा बसवायचा आणि आवळून मग पाव फेरा सैल सोडायचा. फळी आता मधल्या स्क्रूला धरून दोन्हीकडे मोकळेपणी सरकू शकते, पण वर उचलली जात नाही.

पायांच्या चौकटीला टेबलाचं पान (वरचा जोडलेला फळा) जोडायचं असेल तर लाकडी गुटके मला जास्त आवडतात. चौकटीच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली एक खाच काढायची. दीड-दोन इंचांचा गुटका घ्यायचा, त्याच्या एका तोंडाला जीभ काढायची, ती खाचेत सरकवायची आणि गुटका स्क्रूने टेबलाच्या पानाला खालून आवळायचा. पान हललं की गुटका खाचेत आत-बाहेर सरकतो. फक्त लांब बाजूंवरचे गुटके बसवताना जीभ खाचेच्या तळाशी टेकवू नका, दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. जुन्या, चांगल्या सुताराच्या हातच्या टेबलाखाली डोकावलात तर असे गुटके किंवा त्यांचे भाऊबंद सापडतील. मी आता कुणाच्या घरी गेलो की चहा येईपर्यंत टेबलाखाली बघून घेतो.

उरलेल्या तड्याचं काय? आषाढात तो आपोआप मिटतो, तेव्हा बरा झाला असं समजू नका. दसऱ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, लाकूड दोन टोकांच्या मध्ये असतं, तेव्हा हात घाला. तड्याच्या रेषेतून फळी सरळ चिरून घ्यायची, दोन्ही कडा रंधून जुळवायच्या, उजेडासमोर धरून मधून प्रकाश येत नाही ना बघायचं, आणि पुन्हा जोडायचं. टेबल पाव इंच अरुंद होईल. होऊ द्या.

अडकणारा खण

खणाच्या बाबतीत आपला हात लगेच रंध्याकडे जातो. ऑगस्टमध्ये अडकला, रंधला, सरकू लागला, प्रश्न मिटला. मग मेमध्ये तोच खण खिळखिळा होतो, ओढला की पुढून खाली झुकतो आणि बंद करताना तिरपा शिरतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा थोडा घासायची वेळ आली तर वरची फट आणखी वाढते. हे चक्र तोडायचं तर खण कुठे अडतो ते नेमकं बघायला हवं.

खणाच्या बाजूच्या फळ्या आडव्या असतात, म्हणजे तंतू पुढून मागे. त्यामुळे त्यांची लांबी बदलत नाही, उंची बदलते. खण ज्या पोकळीत बसतो तिच्या बाजूंचे तंतू मात्र उभे, म्हणून पोकळीची उंची तीच राहते. खण फुगून उंच होतो, पोकळी होत नाही. म्हणून हंगामी अडकणं हे जवळजवळ नेहमी वर-खाली असतं, डावी-उजवीकडे नसतं. आईच्या खणाची उजवी फळी काढून बघितली तेव्हा तिची वरची कड मागच्या चार इंचांत घासून आरशासारखी चमकत होती आणि बाजू पूर्ण कोरी होती. तुमच्या खणाची चमक शोधा. दिसत नसेल तर कडांना पाटीचा खडू फासा आणि एकदा आत-बाहेर करा, कुठे पुसला जातो ते कळेल. बाजू घासत असेल तर कारण वेगळं, एकतर खण गुण्यात (काटकोनात) नाही किंवा कपाटाची बाजू वाकली आहे.

फट किती ठेवायची हे खण कोणत्या महिन्यात बनवता यावर ठरतं. नवशिक्याला हे कुणी सांगत नाही. ६ इंच उंचीच्या सागवानी खणाला वर्षभरात दीड ते दोन मिलिमीटरची हालचाल धरा. मेमध्ये बनवत असाल तर वर ३ मिलिमीटर मोकळे ठेवा. त्या दिवशी ढिला वाटेल, वाटू द्या. ऑगस्टमध्ये बनवत असाल तर १ मिलिमीटर पुरे, कारण आता तो फक्त आखडणार आहे. नोव्हेंबरमध्ये २. आईचा खण मी मेमध्ये बनवला आणि फट ठेवली कागदाच्या जाडीची, कारण घट्ट बसणारा खण म्हणजे चांगलं काम असं माझं मत होतं.

खणाचा तळ प्लायचा करा आणि खाचेत नुसता सरकवा, चिकटवू नका. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून तो रुंदीतही फारसा हलत नाही. जिथे हलून चालणार नाही तिथे प्लाय वापरण्यात काही कमीपणा नाही. तळ अस्सल सागवानाचाच हवा असेल तर तंतू डावी-उजवीकडे ठेवा आणि मागच्या फळीखालून तो बाहेर यायला जागा सोडा.

लोखंडी चॅनल लावलेत तर कड घासण्याचा प्रश्न सुटतो, पण खणाचं पुढचं तोंड उंच असेल तर ते वरच्या पट्टीला टेकतंच. तिथे फटीचा हिशेब तोच.

कपाटाचं दार

दार एका अखंड रुंद फळीचं करू नका, एवढं सांगून पुढे जातो. चौकट करा, कुसू आणि भोक घालून (एका पट्टीचं कोरलेलं टोक दुसरीच्या भोकात बसवून), आणि मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवा. पूर्वीची माणसं वाड्यांची दारं अशी करत ती केवळ नक्षीसाठी नाही. १२ इंच रुंद फळीला उन्हाळ्यात काम करत असाल तर दोन्ही बाजूंना खाचेत दोन-दोन मिलिमीटर जागा ठेवा. फळी एका बाजूला सरकू नये म्हणून वर आणि खाली, बरोबर मधोमध, एकेक बारीक खिळा.

आणि फळी चौकटीत बसवण्यापूर्वीच पॉलिश करून घ्या, कडांसकट. नाहीतर मेमध्ये फळी आखडली की दोन्ही कडांना बिनपॉलिशची फिकट रेघ दिसू लागते. शिवाय पॉलिश खाचेत उतरून फळी चौकटीला चिकटते, आणि मोकळी ठेवलेली फळी पुन्हा जखडली जाते.

कूलर

आपल्या भागातली ही खास अडचण आहे. एप्रिलपासून घराघरांत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू होतो. ज्या खोलीत तो चालतो तिथली हवा भर मेमध्येही दमट असते, आणि शेजारच्या खोलीत भट्टी. दुपारी चालू, संध्याकाळी बंद, रात्री पुन्हा चालू. कूलरच्या थेट झोतात ठेवलेल्या टेबलाची एक बाजू ओलावा घेते, दुसरी नाही, आणि पान पिळवटतं. माझ्या भावाकडे असंच एक सुंदर टेबल तिरकं झालं, चार पायांपैकी एक हवेत. टेबल झोतापासून दूर, दुसऱ्या भिंतीला लावलं, आणि पावसाळा संपेपर्यंत बरंचसं परत बसलं. कूलरच्या खोलीत ठेवायचं कपाट गच्चीवर बनवत असाल तर लाकूड कापण्याआधी दोन आठवडे त्याच खोलीत आणून ठेवा.

लाकूड आणल्यावर

माझ्या पहिल्या टेबलाचं अर्धं पाप पट्ट्यांचं, अर्धं ओल्या लाकडाचं. सप्टेंबरात वखारीतून आणलं आणि चौथ्या दिवशी कापलं. कोरडं आहे असं वखारीतला माणूस म्हणाला, मी मानलं. आता मी तुकडा तोलतो. फळीच्या तोंडापासून फूटभर आतला तुकडा कापायचा (टोक लवकर सुकतं, ते फसवतं), स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा, मग घरच्या ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवून, वजन उतरायचं थांबेपर्यंत अधूनमधून तोलत राहायचं. समजा आधी १६८ ग्रॅम भरला आणि शेवटी १५०. १८ ग्रॅम पाणी गेलं. १८ भागिले १५०, म्हणजे १२ टक्के ओलावा. आपल्याकडच्या घरात ठेवायच्या फर्निचरला ९-१० टक्के असताना कापलं तर दोन्हीकडे सारखी जागा राहते. ओव्हन नसेल तर एक तुकडा फळ्यांवरच ठेवा आणि दर रविवारी तोला. तीन रविवार वजन तेच आलं की लाकूड तुमच्या हवेला सरावलं.

सुकवायचं तर सावलीत. खाली समान उंचीचे ठोकळे, फळ्यांच्या मध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, आणि सगळ्या पट्ट्या एकावर एक बरोबर एका रेषेत. फळ्यांच्या तोंडांना जुना ऑईलपेंट किंवा मेण फासा, कारण पाणी तिथून सर्वांत वेगाने पळतं आणि चिरा तिथूनच पडतात. मेच्या उन्हात स्लॅबवर पसरून लवकर वाळेल हा हिशेब करू नका. वरची साल वाळते, आत ओलं राहतं आणि फळी चिरफळते. ओल्या लाकडाला इंचाच्या जाडीला वर्ष, असं जुने लोक धरत. आपल्या कोरड्या हवेत त्याहून लवकर होतं, पण दोन आठवड्यांत होत नाही.

जुन्या धाब्याच्या घरांचं लाकूड मिळालं तर जरूर घ्या. खान्देशात ही मातीच्या छपरांची घरं उतरतात तेव्हा त्यांतून निघणाऱ्या कड्या आणि सरे (छपराची आडवी लाकडं) पुष्कळदा अस्सल सागाच्या गाभ्याच्या असतात. पण पन्नास वर्षांचं लाकूड आता हलणार नाही, या भरवशावर राहू नका. जास्तीचा ओलावा कधीच गेलेला असतो हे खरं, तरी हवेबरोबर फुगणं-आखडणं चालूच राहतं. माझ्या चौरंगाचं लाकूड असंच जुन्या कडीतलं आहे आणि तोही दर श्रावणात मिलिमीटरभर वाढतो. आणखी एक, कडी चिरण्याआधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. आत गाडलेला एक खिळा रंध्याचं पातं खातो.

आत्ता पाऊस चालू आहे आणि खण अडकलाय

तर जोर लावू नका, हँडल निघून हातात येतं आणि पुढची फळी सुटते. वरचा किंवा शेजारचा खण काढता येत असेल तर तिथून हात घालून मागून ढकला. नाहीतर पाठीमागची फळी खोला. बाहेर आला की रिकामा करून पंख्याखाली, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा उभा ठेवा, चार-पाच दिवस. गॅसशेजारी किंवा हीटरसमोर नको, वाकेल. मग चमक आलेल्या कडांवर साधी मेणबत्ती घासा, चांगला थर बसेपर्यंत, आणि खालच्या सरकपट्टीवरही. तेल लावू नका, धूळ धरतं. एवढ्याने बहुतेक खण श्रावण-भाद्रपद काढतात. तरीही अडलाच तर पॉलिश पेपरचे पाच-सहा हात फक्त चमकलेल्या जागेवर, आणि खणाच्या आत पेन्सिलने तारीख आणि वरची फट किती मिलिमीटर ते लिहून ठेवा. तीच फट मेमध्ये पुन्हा मोजा. दोन आकडे हाताशी आले की ऑक्टोबरात किती रंधायचं ते कळेल.